पेटी आहे, बिल आहे, पण सॉफ्टवेअर उघडत नाही

प्रश्न अंबाजोगाईच्या एका तरुण प्रेसमालकांचा आहे. थोडक्यात असा: "वडिलांच्या काळापासून पानं लावायला पेजमेकर, मराठीसाठी लॉकवाला फॉन्टचा संच आणि फोटोसाठी एक जुनं सॉफ्टवेअर, एवढ्यावर प्रेस चालते. तिन्ही पैसे मोजून घेतलेली. पेट्या, सीड्या, बिलं जपून ठेवलीत. गेल्या महिन्यात लाइट सारखी ये-जा करून मदरबोर्ड उडाला. नवीन मशिनवर फोटोचं सॉफ्टवेअर अ‍ॅक्टिव्हेट होत नाही, कंपनीनं ते कधीच बंद केलंय. लॉक लावायला नवीन मशिनला पोर्टच नाही आणि फॉन्टवाल्यांचा फोन लागत नाही. ओळखीचा पोरगा म्हणतो, क्रॅक टाकून, म्हणजे परवान्याचं कुलूप फोडून, चालू करून देतो. परळीचे एक प्रेसवाले धंदा गुंडाळायलेत, त्यांची पेटी घेऊ का? आणि वीस-बावीस वर्षांच्या फाइलींचं काय करू?"

उत्तर:

आधी एक काम करा. जुन्या मशिनची हार्ड डिस्क काढून कपाटात ठेवा आणि त्या पोराला तिला हात लावू देऊ नका. "जुनीच आहे, फॉरमॅट मारून डेटाला वापरू" असं कुणीतरी म्हणणारच. बाकीचं उत्तर सावकाश वाचलं तरी चालेल.

मी लातुरात १९९८ पासून प्रेसवाल्यांची आणि फोटो स्टुडिओवाल्यांची मशिनं सांभाळतो, स्वतः डीटीपीही, म्हणजे संगणकावर पानं लावायचं कामही, केलं. तुमच्यासारखी केस वर्षातून चार-पाच वेळा येते आणि दर वेळी मी पोचायच्या आधी कुणीतरी डिस्क पुसलेली असते. मदरबोर्ड जाणं म्हणजे सॉफ्टवेअर जाणं नव्हे. अ‍ॅक्टिव्हेशन झाल्याची खूण डिस्कवर असते. सॉफ्टवेअर उघडताना ती खूण आणि मशिनचे भाग यांचा मेळ बसतो का, एवढंच तपासलं जातं. म्हणून नवीन मशिनवर डोकं आपटण्याआधी जुनं मशिन उठवायचा प्रयत्न करा. मेलेल्या बोर्डावर मॉडेल नंबर छापलेला असतो, रॅमच्या खाचांजवळ नाहीतर जादा कार्डं बसवायच्या (पीसीआय) खाचांमध्ये. अगदी तोच बोर्ड जुन्या बाजारात शोधायचा. आपल्याकडचे पुण्याला जातात, उदगीर-नांदेडवाले सिकंदराबादच्या चेनॉय ट्रेड सेंटरला. तोच बोर्ड, तुमचाच प्रोसेसर, तुमचीच रॅम, तुमचीच डिस्क. पुष्कळदा विंडोज मुकाट्यानं उठते आणि फोटोचं सॉफ्टवेअरही काही न विचारता उघडतं. नेटची वायर मात्र लावू नका.

उघडलं, तर इथं लोक एक चूक करतात. आम्हीच सगळ्यांना वर्षानुवर्षं शिकवलंय की मशिन बदलायच्या आधी हेल्प मेन्यूत जाऊन "डिअ‍ॅक्टिव्हेट" करा, म्हणजे परवाना मोकळा होतो. सर्व्हर जिवंत असेल तर हे बरोबरच आहे. पण सर्व्हर बंद झालेल्या सॉफ्टवेअरवर ते बटण दाबणं म्हणजे किल्ली आडात टाकणं. इथली खूण पुसली गेली, तर ती परत द्यायला पलीकडे कुणी नाही. ते बटण दाबू नका.

त्याऐवजी डिस्कचा क्लोन, म्हणजे हुबेहूब प्रत, घ्या. पूर्ण डिस्कचा, फक्त सी ड्राइव्हचा नव्हे. काही परवाना-पद्धती आपली खूण डिस्कच्या अगदी सुरुवातीच्या सेक्टरांत लिहितात, म्हणजे कुठल्याच ड्राइव्हच्या आत नसलेल्या जागेत. सी ड्राइव्हची इमेज काढली तर विंडोज येते, फाइली येतात, ती खूण मागे राहते, आणि मग माणूस म्हणतो, "सगळं तर कॉपी केलं होतं, साहेब." क्लोनझिला फुकट आहे, त्यात डिस्क-टू-डिस्क निवडा. दोन प्रती काढा, त्यातली एक घरी न्या.

आता हे असं का होतं ते सांगतो, कारण तुमची तिन्ही सॉफ्टवेअरं तीन वेगळ्या दोरांवर लटकलेली आहेत.

पेजमेकर सगळ्यात म्हातारं, आणि परवान्याच्या बाबतीत सगळ्यात धडधाकट. आल्डस कंपनीनं ते १९८५ साली काढलं, १९९४ मध्ये अ‍ॅडोबीनं आल्डसला घेतलं, ७.० ही शेवटची मोठी आवृत्ती २००१ ची, आणि २००४ मध्ये पुढचं काम थांबलं. पण त्याला लागतो फक्त सिरीयल नंबर. तो पेटीवर आहे, सीडी तुमच्याकडे आहे, कुणाला फोन करून विचारायचं नाही. नव्या विंडोजवर ते कुरकुरतं, प्रिंटर ड्रायव्हरवरून भांडतं, पण परवाना आडवा येत नाही. म्हणून वीस वर्षांपूर्वी "बंद" झालेलं हे सॉफ्टवेअर अजून कितीतरी तालुक्यांत पावतीपुस्तकं लावतंय.

दुसरा दोर अ‍ॅक्टिव्हेशनचा. विंडोजवरच्या फोटोशॉपला तो २००३ पासून, सीएस आवृत्तीबरोबर आला. इथं सिरीयल नंबर पुरत नाही, कंपनीच्या सर्व्हरनं होकार द्यावा लागतो. तुम्ही पैसे एकदाच दिलेत, पण नव्यानं टाकताना होकार दर वेळी लागतो, आणि सर्व्हर कायम चालू ठेवू असं वचन बहुतेक परवान्यांत नसतंच. अ‍ॅडोबीनं सीएस-टूचे सर्व्हर डिसेंबर २०१२ मध्ये बंद केले आणि जानेवारी २०१३ मध्ये अ‍ॅक्टिव्हेशन न लागणाऱ्या प्रती, सिरीयल नंबरासकट, उतरवून घ्यायला ठेवल्या. लगेच जगभर बोंब झाली की फोटोशॉप फुकट झालं. आमच्याकडेही लोक सीडी भरून घ्यायला आले होते. कंपनीला खुलासा करावा लागला की हे फक्त जुन्या परवानाधारकांसाठी आहे. पुढे सीएस-थ्रीचेही सर्व्हर गेले, आणि मूळ डिस्क हातात असली तरी आता नव्यानं टाकता येणार नाही, असं कंपनीच्या मदतपानावर सरळ लिहून आलं. कुणाला शिव्या द्यायला हे सांगत नाही. त्याच कंपनीनं एकदा वाट काढून दिली होती, म्हणून आधी कंपनीला विचारायचं. बिलाचा फोटो, पेटीवरच्या सिरीयल नंबरचा फोटो, आणि "हार्डवेअर बिघाडामुळे पुन्हा टाकायचं आहे" असं एक साधं पत्र. बहुतेक वेळा उत्तर "नवीन घ्या" असंच येतं, तरी ते लेखी मागा. का, ते कायद्याच्या भागात येईल.

तिसरा दोर लॉकचा, आणि आपल्या मराठी डीटीपीवाल्यांचा जीव खरा इथं अडकलेला. नव्या पोरांनी बघितलं नसेल म्हणून सांगतो: अंगठ्याएवढा ठोकळा, एका बाजूला पंचवीस पिना, दोन स्क्रू, पाठीमागे प्रिंटरची केबल लावायला जागा. फॉन्टचं सॉफ्टवेअर उघडताना त्या ठोकळ्याला हाक मारतं, त्यानं ओ दिली तरच मराठी उमटते. तुमचा असाच असणार, नाहीतर पोर्ट नाही असं म्हणाला नसतात.

यूएसबीला पॅरलल पोर्ट (जुन्या प्रिंटरची तीच पंचवीस पिनांची जागा) करून देणारी वायर घेऊ नका. दुकानदार देईल, "चालतंय" म्हणेल. ती फक्त प्रिंटरसाठी असते, लॉकची बोली तिला कळत नाही. नवीन मशिनला पीसीआय किंवा पीसीआय-एक्सप्रेसचं पॅरलल कार्ड बसवता येतं, पण जुने लॉक ३७८ या ठरलेल्या पत्त्यावर पोर्ट शोधतात आणि हे कार्ड विंडोजकडून भलताच पत्ता घेतं. काही लॉकच्या ड्रायव्हरमध्ये पत्ता बदलायची सोय असते, काहींत नसते. शिवाय तुमची नवीन विंडोज नक्कीच ६४-बिट असणार, तिच्यात ३२-बिटचा जुना ड्रायव्हर बसतच नाही. म्हणजे लॉक चांगला, सीडी चांगली, बिल चांगलं, तरी बंद. मी तुमच्या जागी असतो तर फॉन्टसाठी ज्याच्या बोर्डावरच पॅरलल पोर्ट आहे असं जुनं मशिन घेतलं असतं, त्यात ३२-बिट विंडोज टाकली असती आणि त्याला नेट कधीच दाखवलं नसतं. विंडोज एक्सपीला मायक्रोसॉफ्टचा आधार ८ एप्रिल २०१४ ला संपला, विंडोज सेव्हनचा १४ जानेवारी २०२० ला. असं मशिन नेटवर ठेवणं म्हणजे दार उघडं टाकून जत्रेला जाणं.

लॉकबद्दल एक माझीच गोष्ट. परतीच्या पावसाचे दिवस, एका दिवाळी अंकाची शेवटची चाळीस पानं बाकी. वीज कडाडली, इन्व्हर्टर ओरडला, आणि मशिन परत उठलं तेव्हा लॉक गेलेला. कंपनीनं सांगितलं, नवीन लॉक म्हणजे नवीन परवाना, पूर्ण किंमत. आम्ही औश्याच्या एका मित्राच्या प्रेसमधला लॉक रात्री नऊला आणला, पहाटेपर्यंत पानं काढली आणि सकाळी त्याचं शटर उघडायच्या आत परत लावून आलो. परवान्याच्या भाषेत ते चूकच होतं, आणि त्याला तेव्हा चहाही पाजला नाही हे अजून खातं. पण त्या रात्री एक कळलं: आमच्याकडे दोन मशिनं होती, दोन ऑपरेटर होते, आणि सगळा धंदा एका ठोकळ्यावर उभा होता.

फॉन्टवाल्यांचा फोन लागत नाही म्हणजे कंपनी मेली असं समजू नका. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर नाव टाका. चालू आहे, दुसरीत विलीन झाली की नोंदवहीतून काढली, ते तिथं दिसतं. विलीन झाली असेल तर हक्क नव्या कंपनीकडे गेलेले असतात, तिला ईमेल करा आणि एक स्पीड पोस्टही टाका. मागणी नेमकी करा: "आमचा लॉक नव्या मशिनवर चालत नाही, यूएसबी लॉक द्या किंवा लॉकशिवाय चालणारी प्रत द्या, वाजवी शुल्क देऊ." माझ्या ओळखीत दोघांना असा यूएसबी लॉक मिळाला, एकाला तर नुसत्या कुरिअरच्या खर्चात.

आता क्रॅक. तुमचा प्रश्न असा की मी पैसे दिलेत, मग क्रॅक टाकला तर गुन्हा कसा? मी वकील नाही, पण या कलमांशी इतकी वर्षं झटापट केलीय, तर माहीत आहे ते सांगतो. प्रताधिकार कायदा १९५७ चा. त्याच्या कलम ५२(१) मधला (एए) खंड तुमच्या बाजूनं बोलतो: प्रोग्रामची प्रत कायदेशीरपणे बाळगणाऱ्याला, ज्या कामासाठी तो दिला त्या कामासाठी वापरता यावा म्हणून, प्रत काढता येते, त्यात फेरफार करता येतो. हरवणं, नष्ट होणं, बिघडणं यापासून तात्पुरतं संरक्षण म्हणून बॅकअप प्रतही ठेवता येते. म्हणजे वर सांगितलेला क्लोन बिनधास्त घ्या. कलम ६५ए हे २०१२ च्या दुरुस्तीनं आलं, ते तांत्रिक कुलूप फोडण्याबद्दल आहे. पण त्यात हक्कांचा भंग करायच्या हेतूनं फोडलं तर, असे शब्द आहेत, आणि कायद्यानं स्पष्ट मनाई न केलेल्या कामासाठी केलेली कृती त्यातून वगळली आहे. तेव्हा स्वतःच्या बिलाचं सॉफ्टवेअर स्वतःच्या मशिनवर उठवणाऱ्याला वाद घालायला जागा आहे, असं माझं मत.

पण तुमचा पोरगा ते करणार नाही. तो कुठल्यातरी साइटवरून आधीच फोडलेली भलतीच प्रत उतरवेल. ती तुमची प्रत नव्हे. बेकायदा प्रत माहीत असून वापरली तर कलम ६३बी लागतं: किमान ७ दिवस ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड. धंद्यासाठी वापर नसेल तर कोर्ट कैद टाळू शकतं, पण प्रेस हा धंदाच आहे. वर त्या फाइलीत काय भरलंय ते देव जाणे. जालन्याकडच्या एका स्टुडिओत अशा क्रॅकमधून आलेल्या व्हायरसनं लग्नाचे सगळे फोटो कुलूपबंद केले आणि पैसे मागितले. लग्नं अकरा होती. नवरदेवाच्या बापाला काय सांगायचं, त्याला कुठलंच कलम नाही.

"बंद पडलेलं सॉफ्टवेअर म्हणजे बेवारस, कुणीही वापरावं" हा समज तर काढूनच टाका. कायद्याच्या लेखी प्रोग्राम साहित्यकृतीत मोडतो, आणि आपल्याकडे साहित्यकृतीचा प्रताधिकार लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. पेजमेकर मोकळं व्हायची वाट पाहिली तर तुमच्या नातवंडांच्या लग्नपत्रिकाही लावून होतील. कंपनीनं विक्री बंद केली म्हणून हक्क सोडला असं होत नाही. म्हणूनच ते लेखी उत्तर मागायला सांगितलं. पुढे कुणी तपासणीला आलं, तर तुमच्याकडे बिल आहे, तुम्ही परवानगी मागितली होती, आणि समोरच्यांनी सोय नाही असं कळवलं होतं, हे कागदावर असतं. हेतू दाखवायला तो कागद कामाला येतो.

ग्राहक आयोगात जाऊ का, असंही काही जण विचारतात. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये व्यापारी वापर वगळलाय, पण स्वयंरोजगारानं पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू त्यात धरली जाते, म्हणून एकट्या प्रेसवाल्याला दार पूर्ण बंद नाही. मुदत मात्र कारण घडल्यापासून दोन वर्षांची. पंधरा वर्षं वापरलेल्या पेटीसाठी मी चकरा मारणार नाही. वर्षभराचं भाडं भरलंय आणि मध्येच सेवा बंद झाली, तर जरूर जाईन.

परळीच्या पेटीचं बघू. सॉफ्टवेअरची पेटी म्हणजे गुऱ्हाळाची कढई नव्हे, की पैसे दिले आणि उचलून आणली. विकली जाते ती वापरायची परवानगी, आणि ती दुसऱ्याला देता येते का, हे आतल्या करारावर असतं. जगातही यावर एकमत नाही. ऑटोकॅड या नकाशे काढायच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या पेट्या विकणाऱ्या एकाच्या खटल्यात अमेरिकेतल्या अपील कोर्टानं २०१० साली सांगितलं की घेणारा मालक नव्हे, परवानाधारक. युरोपच्या न्यायालयानं २०१२ मध्ये ओरॅकल या सॉफ्टवेअर कंपनीच्या प्रकरणात वापरलेले परवाने विकायला मुभा दिली. कॅलिफोर्नियात तर १ जानेवारी २०२५ पासून नियम आहे की डिजिटल वस्तूवर "विकत घ्या" असं लिहायचं असेल तर हा फक्त परवाना आहे हे गिऱ्हाइकाला ठळक सांगा. आपल्याकडे करार वाचायचा. पेटीच्या काळातल्या अनेक करारांत सशर्त हस्तांतर चालायचं: सीडी, पुस्तिका, नंबर, सगळं द्या आणि स्वतःकडे एकही प्रत ठेवू नका. विद्यार्थ्यांसाठीची किंवा मशिनबरोबर आलेली प्रत बहुधा देता येत नाही. तर परळीवाल्यांकडून साध्या कागदावर लिहून घ्या, त्यांचं मूळ बिल घ्या. आणि मुख्य म्हणजे, ते सॉफ्टवेअर अ‍ॅक्टिव्हेशनवालं असेल तर त्यांच्या नुसत्या पेटीला शून्य किंमत आहे, तुमच्या पेटीसारखीच. घ्यायचंच तर चालू असलेलं अख्खं मशिन घ्या.

आता फाइली. खरं तर इथून सुरुवात करायला हवी होती, कारण सॉफ्टवेअर उद्या दुसरं मिळेल, पण वीस-बावीस वर्षांची गावाची छपाई दुसरीकडे कुठंच नाही. शाळांची प्रगतिपुस्तकं, बाजार समितीचे अहवाल, कुणाच्या तरी आजोबांच्या कवितांचं पुस्तक, १७ सप्टेंबरचे मुक्तिसंग्राम विशेषांक.

अडचण दुहेरी आहे. पेजमेकरची फाइल उघडायला पेजमेकर हवं, आणि उघडली तरी आतली मराठी वाचायला तोच फॉन्ट हवा. कारण पेजमेकर युनिकोडचं मराठी, म्हणजे सगळ्या मशिनांवर सारखीच वाचली जाणारी आजची पद्धत, जाणत नाही. त्यातली मराठी ही मुळात इंग्रजी अक्षरं आहेत, वर देवनागरीचा मुखवटा. कृतिदेव फॉन्टमध्ये "मराठी" हा शब्द फाइलीत असतो ई, जे, के, मोठा बी आणि एच. म ला ई, र ला जे, काना म्हणजे के, ठ ला मोठा बी, वेलांटी म्हणजे एच. फॉन्ट काढून घेतला की तेवढंच उरतं. प्रत्येक कंपनीचा तक्ता वेगळा, कधी एकाच कंपनीच्या दोन संचांचाही वेगळा. म्हणून लॉक गेला म्हणजे टायपिंगच थांबलं असं नाही, जुना मजकूरही मुका होतो.

बोर्ड मिळून जुनं मशिन उठलं, तर त्या आठवड्यात नवीन काम घेऊ नका. प्रत्येक फाइल उघडून पीडीएफ काढा, फॉन्ट आत एम्बेड करून. पीडीएफ २००८ पासून आयएसओचं मानक आहे, ते कुणा एका कंपनीच्या लहरीवर नाही. त्यानं पान जसंच्या तसं वाचलं. पण त्यातला मजकूर अजून ई-जे-केच आहे, शोधायला गेलात तर सापडणार नाही. म्हणून दुसरं काम: मजकूर साध्या टेक्स्टमध्ये काढा, आणि फाइलीच्या नावातच फॉन्टचं नाव लिहा. हे विसरलात तर पाच वर्षांनी कुठला तक्ता लावायचा ते कुणालाच सांगता येणार नाही. मग युनिकोडमध्ये बदलणारी साधनं वापरा. ती फुकटही मिळतात, पण ह्रस्व वेलांटी आणि रफार यांवर डोळा ठेवा. जुन्या फॉन्टात ह्रस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते आणि रफार नंतर, युनिकोडमध्ये दोन्हींचा क्रम उलटा. "वार्षिक" या एका शब्दात दोन्ही येतात. कन्व्हर्टर पारखायचा तर मी आधी तोच शब्द टाकून बघतो.

जुनं मशिन उठलंच नाही, तर इनडिझाइन या पानं लावायच्या पुढच्या सॉफ्टवेअरच्या सीएस-सिक्सपर्यंतच्या आवृत्त्या पेजमेकर सहा-सातच्या फाइली उघडतात, नंतरच्या उघडत नाहीत. कुणाकडे तशी कायदेशीर प्रत चालू असेल तर एक दिवस त्याच्याकडे बसा, चहा पाजून. लिबरऑफिसचं ड्रॉ पेजमेकरच्या फाइली वाचतं, कोरलड्रॉच्याही. मांडणी विस्कटते, पण मजकूर हाती लागतो.

पुढे काय घ्यावं, यावर माझं मत ऐका, पटलं नाही तर सोडा. चौथा दोर म्हणजे खात्याचा, भाड्याच्या सॉफ्टवेअरचा. २०१३ मध्ये अ‍ॅडोबीनं जाहीर केलं की नवीन सुधारणा फक्त क्रिएटिव्ह क्लाउडमध्ये येतील, तेव्हापासून हा रस्ता पुष्कळांनी धरला. भाडं वाईट नाही, महिन्याचं काम महिन्याच्या खर्चात बसतं. पण भाडेकरूला घरमालकाची दुरुस्ती सोसावी लागते. मे २०१९ मध्ये क्लाउडच्या ग्राहकांना पत्रं गेली की अमुक जुन्या आवृत्त्या वापरायचा परवाना आता उरलेला नाही. २०२२ च्या शेवटी पॅन्टोन या कंपनीचे छपाईसाठी ठरलेले बरेच रंग वेगळे पैसे भरल्याशिवाय दिसेनात, जुन्या फाइलींत तिथं काळं पडलं. आणि खात्याची आपल्याकडची खास पंचाईत वेगळीच: खातं असतं ऑपरेटरच्या जीमेलवर. पोरगा दिवाळीनंतर पुण्याला जातो, नंबर बदलतो, ओटीपी त्याच्या फोनवर जातो, आणि मालक बिल हातात धरून बसतो. बीडकडच्या एका मालकांना सहा महिने दर वेळी त्या पोराच्या आईमार्फत ओटीपी मागावा लागला. तेव्हा प्रेसच्या नावाचा वेगळा ईमेल करा, त्याला मालकाचाच मोबाइल जोडा, बिल जीएसटी नंबरासह त्याच नावावर घ्या.

फुकटाचंही पारखून घ्या. अ‍ॅफिनिटी हे फोटो-डिझाइनचं सॉफ्टवेअर एकदाच पैसे देऊन मिळायचं, म्हणून मी पुष्कळांना सुचवलं होतं. २०२४ मध्ये कॅनव्हानं ती कंपनी घेतली, ऑक्टोबर २०२५ मध्ये नवीन आवृत्ती फुकट झाली, पण कॅनव्हाचं खातं लागतं. पैसे वाचले, दोर बदलला.

दोरच नाही असं एक उदाहरण माझ्या आवडीचं आहे. ब्लेंडर हे थ्रीडीचं सॉफ्टवेअर काढणारी डच कंपनी २००२ मध्ये बुडाली. सोर्स कोड, म्हणजे सॉफ्टवेअरचं मूळ लिखाण, गुंतवणूकदारांकडे अडकला. त्यांनी तो मोकळा करायला १ लाख युरो मागितले, वापरणाऱ्यांनी सात आठवड्यांत वर्गणी काढून दिले, आणि त्या वर्षीच्या ऑक्टोबरात कोड सगळ्यांसाठी खुला झाला. गणपतीची वर्गणी काढणाऱ्या आपल्या लोकांना यात नवल वाटायचं कारण नाही. आज त्याला कुणी बंदच करू शकत नाही.

तुमच्या कामाला थ्रीडी लागत नाही. पानं लावायला स्क्रायबस बघा, २०२४ च्या १.६ आवृत्तीपासून युनिकोड मराठीची जोडाक्षरं नीट जुळतात आणि छपाईचे चार रंगही मिळतात. पत्रिका, लोगो इंकस्केपमध्ये. ऑपरेटर पहिले दोन महिने कुरकुर करेल, "कोरलमध्ये हे एका क्लिकला व्हायचं" म्हणेल, आणि ते खरंही आहे. लग्नसराईत बदल करू नका, आषाढात करा. मोठ्या गिऱ्हाइकासाठी भाड्याचं एक सॉफ्टवेअर ठेवा, पण काम संपलं की पीडीएफ आणि युनिकोड मजकूर त्याच दिवशी बाहेर काढून ठेवायची सवय लावा.

बोर्डाचा मॉडेल नंबर, लॉकवर छापलेली अक्षरं आणि विंडोज कोणती होती, एवढं कळवा. बोर्ड मिळण्यासारखा आहे का ते मी बघून सांगतो. तोवर परळीवाल्यांना विसार देऊ नका.